मोज्यांतल्या बाटल्या आणि काकांचं नाक

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला फ्रिजसमोर उभं केलं, दार उघडलं आणि म्हणाल्या, "यात तुला हवं ते ठेव. फक्त अर्धवट भरलेलं काही मला न सांगता ठेवू नकोस. अर्धवट बघितलं की माझा हात थांबत नाही."

मी "हो आई" म्हटलं आणि सोडून दिलं. नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात इतक्या गोष्टी बजावल्या जातात की त्या सगळ्या लक्षात ठेवायच्या तर माहेरची माणसं विसरावी लागतील. शिवाय मी संख्याशास्त्राची पदवीधर. धोका म्हणजे काय आणि कुठल्या धोक्याला किती घाबरायचं, हे मला रीतसर शिकवून झालं होतं. पुढे मूल झाल्यावर मी सगळ्याच धोक्यांना सारखं घाबरू लागले, ती गोष्ट वेगळी. टेबलाचे कोपरे, पांघरुणाचे सुटलेले दोरे, खिडकीची कडी, पाहुण्यांचा खोकला, या सगळ्यांवर माझा पहारा असतो. फ्रिजवर नव्हता. तिथेच घात झाला.

आमच्या खालच्या मजल्यावर नाककाका राहतात. हे नाव इमारतीने दिलेलं आहे आणि ते त्यांना माहीत आहे. साबणाच्या कारखान्यात, सुगंध विभागात त्यांची उभी हयात गेली. काका निवृत्त झाले, नाक झालं नाही. जिना चढताना कुणाची भाजी करपली, कुणी कपाटाला नवं पॉलिश केलं, कुणाच्या बुटांना ऊन दाखवायची वेळ झाली, हे ते चालता चालता सांगत जायचे. कुणी विचारत नसे, तरी सांगायचे. त्यामुळे इमारतीत त्यांच्याबद्दल आदर भरपूर, पण ते वर येताना दिसले की लोक दारं लावून घेत.

आमच्या घरात मात्र त्यांना दार सताड उघडं. त्याचं कारण आमची नऊ महिन्यांची कन्या, जिला आम्ही बाईसाहेब म्हणतो. दुपारी बाईसाहेबांनी भोकाड पसरलं की माझं पुस्तकी ज्ञान, सासूबाईंचा अनुभव आणि टोपलीभर खुळखुळे, सगळं हात टेकतं. काकांच्या खांद्यावर गेली की मात्र गप्प. ती त्यांचं नाक मुठीत घट्ट धरते आणि काका ते धरू देतात. त्या तासाभरात मी अंघोळ करते, केस विंचरते, कधीकधी नुसती भिंतीकडे बघत बसते. ज्यांना लहान मूल आहे त्यांना त्या भिंतीची किंमत कळेल.

तर या काकांना थंडीत जबरदस्त सर्दी झाली. सर्दी गेली, पण काका जिन्यातून मुकाट्याने जाऊ लागले. बाकीच्यांना हायसं वाटलं. मला चैन पडेना. एके दिवशी जिन्यात करपल्याचा वास आला म्हणून मी त्यांची बेल वाजवली, तर काकांनी वर्तमानपत्र हातात घेऊन शांतपणे दार उघडलं. मागे स्वयंपाकघरात दुधाचं भांडं कोळसा होऊन धुमसत होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

ही बातमी त्यांच्या लेकीपर्यंत पोचली. ती दुसऱ्या गावी असते. ती रोज फोन करू लागली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. उद्या गॅस सुटला आणि यांना वास आला नाही तर? एकट्याने राहू नका, घर बंद करा, आमच्याकडे या.

काकांनी हे मला जिन्यात, कठड्याला धरून सांगितलं. मग म्हणाले, "मी तिला म्हटलंय, एकदा परीक्षा घेऊ दे. नापास झालो तर या महिन्याअखेर कुलूप लावतो."

परीक्षा त्यांनीच ठरवली होती. रीझलिंग नावाचं एक द्राक्ष असतं म्हणे. ते जर्मनीत पिकतं, तसंच सीमेपलीकडे फ्रान्समध्येही पिकतं. द्राक्ष एकच, पण दोन्हीकडची वाईन वेगळी. कारखान्यात बाहेरून येणाऱ्या अत्तराच्या तज्ज्ञांनी काकांना हा खेळ शिकवला होता आणि काकांचं नाक त्यात कधी चुकलं नव्हतं. आता मी दोन्हीकडच्या बाटल्या आणायच्या, झाकायच्या, त्यांच्यापुढे ठेवायच्या. ओळखता आल्या तर काका इथेच.

"मीच का?" मी विचारलं.

"तू अंगावर पाजतेस, म्हणजे तू पिणार नाहीस. आणि तुझं लक्ष असतं." दुसरं वाक्य मी कौतुक म्हणून घेतलं. माझ्या लक्षाबद्दल घरात जे बोललं जातं त्यापेक्षा ते बरंच होतं. "आणि हे नाकाचं कुणाला सांगू नकोस. लोक दया करतात."

नाकाचं मी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला फक्त एवढंच म्हटलं की काका आणि मी जर्मन आणि फ्रेंच वाईनची तुलना करणार आहोत. एवढंही न सांगता घरात बाटल्या आणल्या असत्या तर त्याचा निराळा अर्थ निघाला असता. नवरा स्वभावाने चांगला आहे. फक्त लिफ्टमधली शांतता त्याला सोसत नाही. त्या दिवशी लिफ्टमध्ये सोसायटीचे चेअरमन होते. तळमजल्यावरून आमच्या मजल्यावर येईपर्यंत तुलनेचा कार्यक्रम झाला आणि चेअरमन त्याचे प्रमुख पाहुणे झाले.

काकांना कळलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काका म्हणाले, राहू दे, चारचौघांत झालं की मला स्वतःशीच लबाडी करता येणार नाही.

मग माणसं वाढली. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतःहून आल्या. माझा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेला, चव मला कळणार नाही तर कुणाला, असं त्यांचं म्हणणं. चेअरमननी आपल्या मेहुण्यांना जोडून दिलं. मेहुणे एकदा पर्यटकांच्या बसमधून जर्मनी आणि फ्रान्स ही दोन्ही राष्ट्रं एकाच आठवड्यात आटपून आले होते. तेव्हापासून त्या खंडाचा कारभार आपल्या सल्ल्याने चालतो अशा सुरात ते बोलतात.

कार्यक्रम सोसायटीच्या सभागृहात व्हावा असं चेअरमनना वाटलं. सभागृहाची परवानगी चेअरमनच देतात, म्हणून त्यांनी स्वतःकडेच अर्ज करायला मला सांगितलं. अर्जात कार्यक्रमाचं स्वरूप विचारलं होतं आणि पर्याय दोनच होते, सभा किंवा वाढदिवस. मी सभा लिहिलं. सभा म्हटल्यावर सगळ्या सभासदांना बोलावणं आलं. मी ते खोडून वाढदिवस लिहिलं, तर कुणाचा, असा प्रश्न आला. शेवटी चेअरमननी, एक चेअरमन म्हणून, अर्ज फेटाळला, आणि एक रसिक म्हणून, कार्यक्रम आमच्या घरी ठेवायची सूचना केली.

सासूबाईंना मी सांगितलं, चार-पाच माणसं संध्याकाळी येतील, वाईन असेल. त्यांनी फक्त विचारलं, "ग्लास पुरतील ना?" तुलना, परीक्षा, काकांचं नाक, यातलं काहीच मी बोलले नाही. गुपित होतं ना. एखादी गोष्ट गुप्त ठेवण्यात मी आयुष्यात पहिल्यांदा यशस्वी झाले आणि ती हीच.

बाटल्या आणायला मी गेले बाबागाडी घेऊन. दारूच्या दुकानाची पायरी बाबागाडीसाठी केलेली नसते. दारात उभ्या असलेल्या दोन गृहस्थांनी अदबीने गाडी उचलून आत ठेवली आणि त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल जी काळजी दाटून आली ती मी अजून विसरलेले नाही. दुकानदाराने आधी बाईसाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, तुलनात्मक अभ्यास आहे. तो म्हणाला, सगळे असंच सुरू करतात. तीन जर्मन, तीन फ्रेंच अशा सहा बाटल्या घेतल्या. त्या बाबागाडीच्या खालच्या जाळीत उभ्या राहीनात, म्हणून आडव्या ठेवल्या, आणि सबंध रस्ताभर त्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या. त्या तालावर बाईसाहेब टाळ्या पिटत होत्या. नेमकी वाटेत बालरोगतज्ज्ञ भेटल्या. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि लशीची तारीख उद्याची आहे एवढीच आठवण करून दिली. जाताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

आता झाकायचा प्रश्न. दोन्हीकडच्या बाटल्या उंच आणि सडपातळ, पण काचेचा रंग निराळा आणि लेबलं तर ओरडून नाव सांगणारी. कागद गुंडाळला तर थंड बाटलीवर भिजून सुटला असता. मला एकदम नवऱ्याचे थंडीतले लांब लोकरी मोजे आठवले. तीन जोड, म्हणजे सहा मोजे. जणू त्या बाटल्यांसाठीच विणलेले. मी ते गरम पाण्यात धुतले, पुन्हा धुतले, वाळवले आणि बाटल्यांना चढवले. नवरा म्हणाला की ही त्याच्या पायांची बदनामी आहे. मी म्हटलं, पायांची नाही, मोज्यांची, आणि ती आधीपासूनच आहे. मग चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला, प्रत्येक मोज्याला आकड्याचं कापड पिनेने टाचलं, आणि कुठल्या आकड्यात कोण हे फक्त मनात ठेवलं. दोन, तीन आणि सहा जर्मन. उरलेल्या फ्रेंच. मला माझाच अभिमान वाटला. कॉलेजात शिकलेलं असं तंतोतंत वापरायची संधी मला लग्नानंतर प्रथमच मिळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणे हजर. वाईनला श्वास घेऊ द्यावा लागतो, बाटल्या आत्ताच उघडा, असं त्यांनी बजावलं. काका म्हणाले, पांढऱ्या वाईनला त्याची तशी गरज नसते. पण ते इतक्या हळू म्हणाले की मेहुण्यांना ऐकू गेलं नाही. महिन्यापूर्वीचे काका असते तर मेहुण्यांना त्यांनी जिना दाखवला असता. आता त्यांचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता.

बाटल्या उघडल्या. माल बिघडलेला नाही ना, हे पाहायला मेहुण्यांनी एक घोट घेतला. दुसऱ्या बाटलीशी ताडून पाहायला दुसरा. चेअरमन त्यांना शोधत आले आणि त्यांनी पदाला शोभेल असा मोठा घोट घेतला. ऑफिसला निघालेल्या नवऱ्याने, माझे मोजे आहेत, या हक्काने एक घेतला. आवडलेल्या बाटलीतून जास्त, न आवडलेलीतून कमी. मी ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं, बुचं नुसती टेकवली, बाटल्या फ्रिजमध्ये बाईसाहेबांच्या उकडलेल्या गाजराशेजारी रांगेत उभ्या केल्या आणि लेकीला लस टोचायला घेऊन गेले.

दवाखान्यात गर्दी होती. सुई टोचल्यावर बाईसाहेब रडल्या आणि त्यांच्याबरोबर मीही थोडी रडले. घरी येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. फ्रिज उघडून पाहिलं, सहाही मोजे रांगेत, आकडे समोर. सासूबाईंनी ग्लास पुसून मांडले होते. मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय, पाहुणे येणार म्हटल्यावर सगळं नीट नको?"

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

मंडळी जमली. डॉक्टरीणबाई सवयीने प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसल्या. काका इस्त्रीचा सदरा घालून, जुना कॉर्कस्क्रू खिशात घेऊन आले. बाटल्या उघडलेल्याच होत्या, त्यामुळे त्यांनी तो नुसताच टेबलावर ठेवला. बाईसाहेब माझ्या कडेवर होत्या. एका हाताने मी मोजा धरून ओतत होते, दुसऱ्या हाताने मूल सावरत होते. त्या खोलीत आज काय पणाला लागलंय हे फक्त काकांना आणि मला माहीत होतं.

बाकीच्यांना कसलीच फिकीर नव्हती. एक नंबरचा घोट घेऊन मेहुणे म्हणाले, हा जर्मन, यात शिस्त आहे, वेळेवर येतो आणि वेळेवर जातो. दोन नंबरबद्दल नवरा म्हणाला, ही फ्रेंच, जरा लाडावलेली आहे, आधी रुसते आणि मग बोलते. हे ज्ञान त्याने कुठून मिळवलं ते मी नंतर विचारायचं ठरवलं. तीन नंबर डॉक्टरीणबाईंच्या हिरड्यांना लागला, म्हणून तो जर्मन. चार त्यांना मऊ लागला, इतका, की डोळे मिटून त्यांनी त्यात फुलं आणि ओला दगड असल्याचं जाहीर केलं. दगड कसा लागतो, असं चेअरमननी विचारलं. मेहुणे म्हणाले, फ्रान्समधला दगड वेगळाच असतो, बसमधून मी पाहिलाय. चेअरमननी प्रत्येक वेळी बहुमत कुणीकडे ते पाहिलं आणि त्या बाजूने मत दिलं. पाच आणि सहा नंबरांवरून मेहुणे आणि नवरा हमरीतुमरीवर आले. एकाच्या मते पाच म्हणजे थंडी आणि सहा म्हणजे ऊन. दुसऱ्याच्या मते बरोबर उलट.

मी मनातल्या मनात गुण मांडत होते. चौघांनी नाणं उडवून उत्तरं दिली असती तर जशी आली असती तशीच ती आली होती. मी फक्त काकांकडे बघत होते.

 काका ग्लास नाकाशी नेत, थांबत, खाली ठेवत. सहा झाले. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.  तिसऱ्यांदा त्यांनी फक्त दोन ग्लास उचलले, एक डाव्या हातात, एक उजव्या, आणि आळीपाळीने हुंगत राहिले. कुणी तरी विचारलं, काका, तुमचा निकाल?

"मला सगळ्या सारख्याच वाटतात," काका म्हणाले.

 मग एकेक जण समजूत घालू लागला. चेअरमन म्हणाले, वयाप्रमाणे व्हायचंच. मेहुणे म्हणाले, मी ओळखायला शिकवीन तुम्हाला, सोपं असतं. डॉक्टरीणबाईंनी कवळी आहे का म्हणून विचारलं. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. म्हणून तर ते बघवत नव्हतं.

काकांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "वास येतो गं. पण एकच येतो. बहुतेक आठवणीतला असेल." मग त्यांनी तो जुना कॉर्कस्क्रू नवऱ्याच्या हातात ठेवला, म्हणाले, तुम्हाला कळतं यातलं, तुमच्याकडे राहू दे. नवऱ्याने तो छातीशी धरला आणि भारावून आभार मानले. काका जिना उतरून गेले. पावलं वाजली, मग खालचं दार वाजलं.

मी बाईसाहेबांना घेऊन स्वयंपाकघरात पळाले, कारण पाहुण्यांसमोर मला रडायचं नव्हतं. ओट्याशी उभी राहून नाक पुसत होते तेव्हा समोर घरातलं सगळ्यात मोठं पातेलं धुऊन पालथं घातलेलं दिसलं. त्याच्याशेजारी नरसाळं. हे पातेलं वर्षातून एखाद्या वेळी निघतं. मी ते उचललं. धुतलं होतं, तरी त्याला बाहेरच्या खोलीतल्या वाईनचा वास होता.

"आई, हे कशाला काढलं होतं?"

सासूबाई ताटल्या पुसत होत्या. "अगं, तुझ्या त्या बाटल्या. फ्रिजमध्ये गाजराला चिकटून मोजे. मला कसंतरीच झालं, म्हणून काढले. तर आत एक बाटली गळ्यापर्यंत, एक पोटापर्यंत, एक त्याच्याही खाली. पाहुण्यांपुढे असं ठेवतात का? सगळ्या पातेल्यात ओतल्या, ढवळल्या आणि सारख्या वाटून भरल्या. एक थेंब इकडेतिकडे नाही. मोजे पुन्हा घातले तुझ्यासाठी."

मी पातेलं धरून उभी राहिले. सासूबाईंनी तीन मुलगे वाढवले आहेत. तिघांच्या दुधाच्या पेल्यांत कधी रेघभर फरक पडू दिला नाही, हे त्या अभिमानाने सांगतात. घरात दोन बरण्यांत अर्धी अर्धी साखर उरली तर संध्याकाळपर्यंत एक बरणी भरलेली आणि दुसरी धुतलेली असते. मला हे सगळं माहीत होतं. मला फ्रिजसमोर उभं करून सांगितलंही होतं.

म्हणजे आमच्या बैठकीत गेला तासभर एकच वाईन सहा मोज्यांतून वाढली जात होती. आणि ते एकट्या काकांनी ओळखलं होतं.

बाहेर मंडळी अजून पाच-सहावरून भांडत होती. त्यांच्यामधून मी मूल कडेवर घेऊन तशीच धावले. नवऱ्याने विचारलं कुठे, तोवर मी जिना उतरत होते. काकांचं दार उघडंच होतं. ते खुर्चीत बसून फोन हातात धरून लेकीचा नंबर शोधत होते.

मी एका दमात सगळं सांगितलं. पातेलं, नरसाळं, पेले, बरण्या. काकांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे मायेने पाहिलं.

"पोरी, समजूत घालायला तू इतकी मोठी गोष्ट रचलीस?"

"काका, खरंच. आईंना बोलावते."

"त्याही तेच सांगतील. चांगल्या आहेत त्या." आणि त्यांनी पुन्हा फोनकडे पाहिलं.

 शिकलेल्या माणसाची ही एक अडचण असते, पुरावा असला की तो मांडता येत नाही आणि नसला की भरपूर बोलता येतं. पातेलं मी वर ठेवून आले होते. आता ते आणायला गेले तर तेवढ्यात फोन लागला असता. मी तशीच उभी राहिले आणि माझ्याबरोबर, कडेवर, बाईसाहेब.

दिवसभर त्यांची आबाळच झाली होती. लस, गर्दी, रडणं, मग पाहुणे. नाराजी व्यक्त करायला त्यांनी नेमका हाच क्षण निवडला. चेहरा लाल झाला, भुवया आवळल्या, थोडा आवाज झाला आणि मग त्या प्रसन्न हसल्या. मी पुरती ओशाळले.

काकांचा अंगठा फोनवर थांबला. त्यांनी मान वर केली. नाकपुड्या हलल्या. मग त्यांचा सगळा चेहरा आक्रसला.

"हिला बदल आधी," ते म्हणाले.

मी जागची हलले नाही. काकाही हलले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश, मन लावून श्वास घेतला, जसा कारखान्यात नव्या अत्तराचा घेत असतील.

"गाजर," ते म्हणाले. "सकाळचं. आणि त्यावर नाशपाती दिलंयस. दवाखान्यातून येताना असेल. जरा जास्तच पिकलेलं होतं गं ते, मुलांना असं देऊ नये."

नाशपाती खरंच जास्त पिकलेलं होतं. बाळाला काय द्यावं याबद्दल मला आजवर ज्यांनी ज्यांनी सुनावलं त्या सगळ्यांचा मी मनात राग धरलेला आहे. हे एकच बोलणं मी हसत, डोळे पुसत ऐकलं. काका उठले, त्यांनी बाईसाहेबांना माझ्याकडून घेतलं, तशाच अवस्थेत, आणि आपलं नाक त्यांच्या मुठीत दिलं. फोन खुर्चीवर पडून राहिला.

काकांना घेऊन मी वर आले, तर पातेल्याची हकीकत सासूबाईंनीच सांगून टाकलेली होती. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं, उलट बाटल्या समसमान भरल्याचं कुणी बोलेना म्हणून त्यांनीच विषय काढला होता. मंडळींचे चेहरे बघण्यासारखे होते. मेहुणे म्हणाले, मी म्हणणारच होतो, पण यजमानांचा मान ठेवला. डॉक्टरीणबाई ओल्या दगडावर ठाम राहिल्या. दगड पातेल्यातही असू शकतो असं त्यांचं मत पडलं. चेअरमननी बहुमताकडे पाहिलं, ते कुठेच दिसेना, म्हणून ते घरी गेले. नवऱ्याने कॉर्कस्क्रू मुकाट्याने काकांच्या हातात परत दिला. काकांनी तो खिशात टाकता टाकता सांगितलं की दोन नंबरचा मोजा पुन्हा एकदा धुवायला हवा. 

मग काकांनी लेकीला फोन लावला. आम्ही सगळ्यांनी ऐकला. ते म्हणाले, पास झालो, आणि बाईसाहेबांनी काय दिलं ते सविस्तर वर्णन करून सांगितलं. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. लेकीने एकच अट घातली, गॅसजवळ धोक्याची घंटा लावून घ्यायची. काका कबूल झाले, पण घंटेच्या आधी मला कळेल, एवढं म्हणालेच.

आता काका पुन्हा जिन्यातून बोलत जातात आणि लोक पुन्हा दारं लावून घेतात. सगळं सुरळीत आहे. फक्त एक झालं. त्या संध्याकाळी जे उरलं होतं ते काकांनी नंतर शांतपणे पुन्हा चाखलं आणि सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, खरं सांगू का? सुट्या सुट्या बाटल्यांपेक्षा हे तुमचं एकत्र केलेलंच जास्त जमलंय." सासूबाई आयुष्यात कधी प्यायल्या नाहीत आणि पिणारही नाहीत, पण आपल्या हाताच्या समतोलाची अशी दाद त्यांना पहिल्यांदाच मिळाली.

आज दुपारी काका एक पिशवी घेऊन आले. पिशवीत काचेचा आवाज होता. ते आणि सासूबाई, दोघं स्वयंपाकघरात गेली आणि दार ओढून घेतलं. मी इथे पलंगावर बसून हे लिहिते आहे. बाईसाहेब माझ्या मांडीवर झोपल्या आहेत, जेमतेम लागलेला डोळा आहे, हलले की उठतील. आणि आत आत्ताच मोठं पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. फ्रिजमध्ये मी बाईसाहेबांचं खोकल्याचं औषध ठेवलंय. बाटली अर्धी आहे. आईंना सांगायचं राहिलं.

तुम्ही वाचताय तर बसलेलेच आहात. तेवढं पाय न वाजवता आत जाऊन सासूबाई काय करतायत ते बघून येता का?